आईच्या खोलीतलं व्हिडिओ कार्ड

साडूंनी सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने, बायकोच्या देखत कबूल केलं की असं चित्र आपल्या घरच्या टीव्हीवर दिसत नाही. तेव्हा शेवट गोड आहे, वाचकांनी काळजी करू नये.

आता हे वाक्य विसरून जायचं. साडूंनी असं काहीही कबूल केलेलं नाही. करणार कसे? साडू अजून आलेलेच नाहीत, सिनेमा सुरू झालेला नाही, इमारतीचा मुख्य फ्यूज जागच्या जागी आहे आणि सोसायटीचे सचिव, ज्यांच्या परवानगीशिवाय या इमारतीत फ्यूजही उडत नाही, ते आपल्या घरी वामकुक्षी घेत आहेत. सगळीकडे कशी शांतता आहे. ती नीट बघून घ्यावी. पुन्हा मिळणार नाही.

ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना सगळी इमारत ‘इंजिनियर’ म्हणते. ते इंजिनियर नाहीत. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी स्वीकारण्याच्या खिडकीमागे ते बसतात. तक्रारी सोडवण्याची खिडकी वेगळी आहे आणि तिच्यामागे कोणी बसत नाही. पण एकदा इमारतीची लिफ्ट अडकली होती, भोवती बरीच थोर मंडळी जमून लिफ्टकडे रागाने बघत होती, आणि हे जिन्याने वर जाता जाता सहज म्हणाले, “एकदा बंद करून चालू करून बघा की.” लिफ्ट चालू झाली. त्या दिवसापासून त्यांच्या दारात नादुरुस्त वस्तूंची रीघ लागली. लोक मिक्सर आणायचे, मोबाइल आणायचे, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना ऐकू येईनासं झालं तेव्हा त्यांच्या सूनबाई काकांनाच घेऊन आल्या होत्या.

माणसाला अशी फुकटची पदवी मिळाली की ती गळ्यात अडकते. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या लिफ्टमध्ये आहे असं काहींचं म्हणणं आहे. पण खरं मूळ ताईंच्या दिवाणखान्यात आहे.

ताई म्हणजे इंजिनियरांच्या बायकोची थोरली बहीण. साडूंनी भिंतीएवढा टीव्ही घेतला आणि त्याच्याभोवती स्पीकर असे पेरले की घरात कुठेही बसलं तरी कोणीतरी मागून बोलल्यासारखं वाटावं. उद्घाटनाला या दोघांना बोलावणं गेलं. सिनेमा झाला, कौतुक झालं, आणि निरोप घेताना ताई दारात उभ्या राहून प्रेमाने म्हणाल्या, “पुढच्या वेळी तुमच्याकडे बघू हं. तुमच्या त्या टीव्हीवर कसं, सगळ्यांना अगदी चिकटून बसावं लागतं. किती माया वाटते!”

परतीच्या वाटेवर बायको एक शब्द बोलली नाही. ज्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत अशा माणसाला बायकोच्या भांडणाची भीती वाटत नाही, भांडणात निदान मुद्दे असतात. ही शांतता मुद्द्यांच्या पलीकडची होती.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“ताई काही मनाने वाईट नाहीत.”

“मी कुठे म्हटलं वाईट आहे? लहानपणापासून चांगलीच आहे. तिचे फ्रॉक मला मिळाले, तिची पुस्तकं मिळाली, तिची सायकल मिळाली. घंटी तेवढी तिने काढून घेतली होती. अहो, माझ्याकडे आहे आणि तिला हवंय, अशी एक वस्तू आजपर्यंत झाली नाही. एक!”

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की इंजिनियरांना ते सहन होईना. आणि काही सहन झालं नाही की ते फुशारकी मारतात, हा त्यांचा जुना आजार आहे.

“पुढच्या रविवारी बोलाव त्यांना,” ते म्हणाले. “सिनेमा आपल्याकडे. असं चित्र दाखवतो की साडू तोंडात बोट घालतील.”

“कशावर?”

“कॉम्प्युटरवर. त्यात एक व्हिडिओ कार्ड टाकायचं, की झालं घरातच थिएटर.”

ही माहिती त्यांना केस कापणाऱ्याकडे मिळाली होती. तिथे पडलेल्या एका मासिकात अर्धा लेख होता. उरलेला अर्धा कोणीतरी दाढीचा फेस पुसायला वापरला होता. त्यामुळे कार्ड टाकायचं इथपर्यंत त्यांचं ज्ञान पक्कं होतं, कशासाठी टाकायचं तो भाग फेसात गेला होता.

पडद्याची सोय कार्यालयातून झाली. तिथे कपाटावर एक प्रोजेक्टर होता. ‘वेळेचं नियोजन’ या विषयावरच्या प्रशिक्षणासाठी तो आणला होता, पण ते प्रशिक्षण वेळेअभावी रद्द झालं. अधीक्षकांनी विचारलं, “कशाला हवाय?” इंजिनियर म्हणाले, “चालतो का ते बघायला.” कार्यालयातली एखादी वस्तू चालते का हे बघण्याची इच्छा आजवर कोणी व्यक्त केली नव्हती. अधीक्षकांचे डोळे पाणावले आणि त्यांनी परवानगी दिली.

मग कार्ड.

“व्हिडिओ कार्ड द्या,” इंजिनियर कॉम्प्युटरच्या दुकानात म्हणाले.

“कुठलं?”

“चांगलं.”

दुकानदाराने त्यांना चपलांपासून टकलापर्यंत पाहिलं. “गेम खेळता?”

“मी नोकरी करतो.”

“तसं नाही हो. गेम खेळणाऱ्यांना लागतं, इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांना लागतं. तुम्हाला कशासाठी?”

“सिनेमा बघायला.”

“सिनेमा?” दुकानदार हसला. माणूस मूळचा प्रामाणिक असावा. “अहो, सिनेमा तर तुमच्या आहे त्या मशीनवर तसाही दिसेल. त्याला कार्ड कशाला?”

“दिसेल हो,” इंजिनियर म्हणाले. “पण साडूंना दिसला पाहिजे.”

दुकानदार गंभीर झाला. त्यालाही साडू असावेत. तो आतल्या खोलीत गेला आणि दुकानातलं सगळ्यात मोठं खोकं घेऊन बाहेर आला.

खोक्यावर एक तलवारधारी बाई होती. तिच्या मागे आग लागली होती आणि तिला त्याची कल्पना दिसत नव्हती. घरी आल्यावर बायकोने पहिला प्रश्न विचारला, “ही कोण?”

“ही कार्डाबरोबर येत नाही.”

“सिनेमा बघायला तलवार कशाला लागते रे?” आई आतून म्हणाली. इंजिनियरांच्या आईला गुडघ्यांमुळे फार चालता येत नाही, पण घरात कुठेही चाललेली खरेदी तिला बसल्या जागी दिसते.

कार्ड बाहेर काढलं तर ते कॉम्प्युटरपेक्षा लांब निघालं. म्हणजे कॉम्प्युटर कार्डात बसवावा लागणार होता. शेवटी कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढलं, आतली एक पत्र्याची पट्टी, जिचा उपयोग कोणालाच माहीत नव्हता, ती कापली, आणि कार्ड आत खोचलं. त्याचं दुसरं टोक वजनाने खाली झुकायला लागलं म्हणून त्याखाली आईच्या खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली टेकू म्हणून दिली. बटण दाबलं. काहीही झालं नाही. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला कार्डाला वीज पुरत नाही, मोठा पुरवठा लागेल. मोठा पुरवठा आणला, तो पेटीत मावेना, तो स्टुलावर ठेवला. अशा रीतीने एक सुटसुटीत कॉम्प्युटर टेबल, स्टूल आणि औषधाची बाटली एवढ्या विस्तारावर पसरल्यावर त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

कार्डाचे पंखे सुरू झाले.

विमानतळाजवळ राहणाऱ्या वाचकांना त्या आवाजाचं वर्णन करून सांगायची गरज नाही. इतरांनी एवढंच समजावं की बायको समोर उभी राहून ओठ हलवत होती आणि इंजिनियर मान डोलावत होते. नंतर कळलं की ती ‘बंद करा’ म्हणत होती.

दार वाजलं. खालचे काका धापा टाकत उभे होते. चेहरा आनंदाने फुललेला.

“इंजिनियर! दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी ऐकू येतंय! काय आहे हे?”

काकांच्या मागोमाग समोरच्या वहिनी आल्या, त्यांच्या मागोमाग ज्यांना घरी काम होतं ते सगळे आले. कार्ड बघून सगळे एकदम तज्ज्ञ झाले. काका म्हणाले, पंखे काढून टाका आणि ओलं फडकं ठेवा. वहिनी म्हणाल्या, त्यांच्या यांच्या ऑफिसात एकाने कार्ड फ्रीजमध्ये ठेवलं होतं, फार छान चालायचं, पण मग बर्फ होत नव्हता. शेवटी बायकोनेच तोडगा सांगितला.

“यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लांब तार टाका. चित्र इकडे, गोंगाट तिकडे.”

“तिकडे म्हणजे कुठे?” आई आतून म्हणाली. घरात दुसरी खोली एकच होती.

आईचं मन वळवायला वेळ लागला नाही, कारण तिने आधीच कार्डासमोर हात धरून बघितला होता. त्यातून कोमट वारा येत होता. तिने गुडघे पुढे केले. मग खुर्ची ओढली. मग एक ओला टॉवेल आणून कार्डावर पसरला, तो बघता बघता वाळला, आणि आईने जाहीर केलं की मुलाने आयुष्यात केलेली ही पहिली उपयोगाची खरेदी आहे.

राहिली तार. ती आईच्या खोलीतून दिवाणखान्यात यायची तर भिंतीला भोक पाडायला हवं होतं. भिंत घरातली, दोन्ही बाजूंना घर आपलंच. पण ड्रिल मशीनचा पहिला घुर्र आवाज होतो न होतो तोच सचिव दारात हजर.

“भोक पाडताय?”

“भिंत आतली आहे, साहेब.”

“भिंत आतली असली तरी आवाज बाहेर येतोय. बाहेरच्या आवाजासाठी सर्व शेजाऱ्यांची ना हरकत लागते.”

“मग आवाज न करता पाडतो.”

“आवाज न करता पाडलेलं भोक बेकायदेशीर. म्हणजे तुम्ही लपूनछपून पाडलंत असा अर्थ होतो.”

इंजिनियर घरोघरी फिरले. हरकत कोणाचीच नव्हती, पण ‘ना हरकत’ लिहून देताना प्रत्येकाने एक सहज प्रश्न विचारला: “रविवारी किती वाजता?” काकांनी तर आधी वेळ विचारली आणि मग कसली सही ते विचारलं. सचिवांनी स्वतःची सही सर्वांत शेवटी केली आणि म्हणाले, “मी येईन. पाहणीसाठी. मधल्या रांगेत.”

भोक पडलं. तार आली. इंजिनियर आईच्या खोलीत जाऊन यंत्राच्या पाठीमागे वाकले आणि तारेचं टोक कुठे बसतं ते चाचपू लागले. एका जागी ते टपकन बसलं. बसलेल्या तारेला आणखी प्रश्न विचारू नयेत, हे त्यांच्या कार्यालयाचंही धोरण आहे. ते बाहेर आले, प्रोजेक्टर लावला, आणि भिंतीवर चित्र उमटलं.

खरंच उमटलं. मोठं, स्वच्छ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. डाव्या कोपऱ्यातली ओल तेवढी नायकाच्या गालावर यायची, पण नायक गरीब घरातला होता, त्याला ती शोभत होती.

रंगीत तालीम म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं. कार्डाची कीर्ती आधीच पसरलेली असल्यामुळे सगळे डोळे ताणून बसले.

“कार्डाने काय फरक पडतो नाही!” वहिनी म्हणाल्या. “त्या बाईच्या पापण्या कुठल्या खऱ्या आणि कुठल्या चिकटवलेल्या, सगळं कळतंय.”

“नायकाच्या कपाळावरचा घाम दिसतोय मला,” काका म्हणाले. “घाम! आमच्या टीव्हीवर तो कधी घामेजत नाही.”

“रंग नियमात आहेत,” सचिव म्हणाले.

इंजिनियरांना हळूहळू बळ आलं. सुरुवातीला ते नुसतं हसत होते, मग ‘कार्ड आहे ना’ म्हणू लागले, आणि शेवटी त्यांनी विवेचनच केलं. “साध्या चित्रातला काळा रंग नुसता वरून काळा असतो. कार्डाचा काळा आतून काळा असतो.” यावर सगळ्यांनी काळ्या रंगाकडे आदराने पाहिलं. बायको दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर त्यांना असं काही दिसलं की खोक्यावरच्या बाईची तलवार हातात घेऊन नाचावंसं वाटलं.

रविवार उजाडला. पडदे लावले, खुर्च्या गोळा केल्या, काकांना पुढे बसवलं, आई आपल्या खोलीत गुडघे शेकत बसली. आणि ताई आल्या. मागोमाग साडू.

साडूंबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की ते वस्तूबरोबर आलेली माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचतात. असा माणूस नातेवाइकांत असणं धोक्याचं.

“काय साडूभाऊ, रिफ्रेश रेट किती मिळतोय?” बसायच्या आतच त्यांनी विचारलं.

“भरपूर,” इंजिनियर म्हणाले.

सिनेमा सुरू झाला. ताई आधी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होत्या, मग खुर्च्यांबद्दल, आणि मग त्या बोलायच्याच थांबल्या. चित्राच्या उजेडात त्यांचं तोंड किंचित उघडं दिसत होतं. बायकोने अंधारात इंजिनियरांच्या दंडाला हळूच चिमटा काढला. इतक्या वर्षांत तिने एवढ्या प्रेमाने चिमटा काढला नव्हता.

आणि नेमके तेव्हाच साडू उठले. “हात धुऊन येतो,” म्हणाले. पण मोरी उजवीकडे होती आणि साडू तारेच्या बाजूने, तारेवर नजर ठेवून, डावीकडे गेले.

परत आले ते थेट प्रोजेक्टरसमोर उभे राहिले. नायिका त्या क्षणी वडिलांचा निरोप घेत होती. ती साडूंच्या शर्टावर येऊन रडू लागली.

“साडूभाऊ,” साडू म्हणाले, “तुमची तार कार्डाला लावलेलीच नाही.”

त्यांनी आईच्या खोलीकडे बोट केलं.

“कार्डाची जागा वर आहे, तिच्यावर टॉवेल वाळत घातलाय. तार आहे ती खालच्या, मशीनच्या जुन्या जागी. कार्डातून काही म्हणजे काही येत नाहीये. त्याला कामच नाही म्हणून ते नुसते पंखे फिरवतंय. हे चित्र कार्डाचं नाही!”

“काय म्हणतात ते?” काकांनी मोठ्याने विचारलं.

“कार्डाचं चित्र नाही म्हणतात!” वहिनी त्यांच्या कानात ओरडल्या.

“मग मला घाम कसा दिसला?”

हा मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांनी साडूंकडे उत्तरासाठी पाहिलं. पण इंजिनियरांना आतून कळून चुकलं होतं. तारेचं ते टपकन बसणं त्यांना आठवलं. टॉवेल आठवला. स्वतःचं काळ्या रंगावरचं विवेचन शब्दन् शब्द आठवलं आणि कानशिलं तापली. स्वतःचं काय, त्यांना खिडकीमागे बसून रोज चारचौघांत बोलणी खायची सवय होती. पण ताई सावकाश धाकट्या बहिणीकडे वळत होत्या, तोंड मिटलं होतं, आणि ओठांच्या कोपऱ्यात ती मायेची लकेर उमटू लागली होती.

बायकोने ती लकेर पुरती उमटू दिली नाही.

“ती तशीच लावायची असते, भाऊजी,” ती म्हणाली.

“अगं, असं कसं...”

“वरून कार्ड दाब देतं. चित्र खालून येतं.” तिचा आवाज जराही हलला नाही. “आपली पाण्याची टाकी वर असते, म्हणून काय आपण टाकीला तोंड लावून पाणी पितो? नळ खालीच असतो ना?”

इमारतीत कोणाला काही कळो न कळो, टाकी कळत होती. खोलीभर ‘हां, हां’ झालं. सचिव म्हणाले, “बरोबर आहे. दाब.” इंजिनियर बायकोकडे बघत राहिले. आयुष्यभर जेवताना आपण जे पाण्याच्या दाबाबद्दल बोललो ते कोणी ऐकत होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

साडू मात्र माहितीपुस्तिका वाचणारे. ते लाल झाले. “थांबा, दाखवतोच,” म्हणून आत गेले. आईचा आवाज आला, “अहो पाहुणे, टॉवेल अजून ओला आहे!” आणि भिंतीवरचं चित्र गेलं. त्या जागी निळी चौकट आणि ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं.

“गेलं!” वहिनी किंचाळल्या.

“कार्ड नीट बसलेलं नाही!” साडू आतून ओरडले. “मी जरा दाबून बसवतो...”

औषधाची बाटली घरंगळल्याचा आवाज आला. मग फट्. मग सगळीकडे काळोख. तोही आतून काळा. जिन्यातला दिवा गेला, लिफ्ट थांबली, पंखे बंद पडले आणि साऱ्या इमारतीवर ती सुरुवातीची शांतता क्षणभर परत आली.

“परवानगी कोणी दिली?” अंधारात सचिवांचा आवाज उमटला.

आणि मग ताईंचा. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो हात घालायला? चांगला चाललेला सिनेमा! घरी तेच, इथे तेच! आपल्या टीव्हीचे मागचे दोन स्पीकर तुम्ही ‘नीट’ केल्यापासून मुके झालेत, सांगू का सगळ्यांना?”

“अगं, ते...”

“सांगितलंच मी!”

अंधारात इंजिनियरांना शेजारून एक बारीक, दाबलेला आवाज ऐकू आला. बायको हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. पण जे काही होतं ते बऱ्याच वर्षांचं होतं.

“ताई, जाऊ दे गं,” ती म्हणाली. “भाऊजींनी मुद्दाम नाही केलं. सगळ्यांनाच जमतं असं नाही.”

मुख्य फ्यूजची किल्ली सचिवांकडेच असते. ते खाली गेले, फ्यूजला समज देऊन आले, दिवे लागले. इंजिनियर आईच्या खोलीत गेले. साडू टॉवेल हातात धरून उभे होते. जळका वास येत होता. इंजिनियरांनी तार वरून काढली, खाली लावली, आणि बटण दाबलं. बाहेरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

“बोला आता,” ताई म्हणाल्या, साडू बाहेर येताच.

साडूंनी भिंतीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. आणि मग ते म्हणाले. काय म्हणाले ते आपण ऐकलेलं नाही असं ठरलं आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

इंजिनियर समंजस असते तर गोष्ट इथे संपली असती. पण सत्य कळलेल्या माणसाला चैन पडत नाही. कार्ड त्या संध्याकाळीच वारलं होतं. जिवंत होते ते फक्त पंखे. प्रोजेक्टर परत कार्यालयात गेला. तो नाहीसा झाल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण परत आल्याचं आलं, आणि हा कुठून आला याची चौकशी सुरू झाली. घरी तार आता साध्या टीव्हीला जोडली आहे. काका तरीही रोज येऊन घाम बघतात.

ताईंचे फोन वाढले. “पंखे कुठल्या बाजूला ठेवायचे गं?” “टेकू काचेचाच लागतो का?” कारण साडूंनी कार्ड घेतलं. यांच्यापेक्षा वीतभर लांब. ते बसवायला इंजिनियरांनाच बोलावलं. तिथे साडूंना एकटं गाठून इंजिनियर हळूच म्हणाले, “साडूभाऊ, खरं सांगू? त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. कार्डाचा काही संबंध नव्हता.”

साडूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “माझी समजूत घालू नका. मी नंतर खूप विचार केला. पुस्तिकेत दाबाचं काही नाहीये, हे खरं. पण पुस्तिका लिहिणारे आपली युक्ती कशाला सांगतील? लावा तुमच्या पद्धतीने. खालून.”

इंजिनियरांनी खालून लावली. बायको बाजूला उभी राहून ताईला समजावत होती, आणि ताई, थोरल्या ताई, तिचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होत्या. मधेच तोडत नव्हत्या. इंजिनियरांनी ते पाहिलं आणि तोंडाशी आलेलं सत्य पुन्हा गिळलं.

फक्त तो आवाज. आईला गुडघ्यांसाठी कार्ड हवं, बायकोला ताईसाठी, काकांना ऐकू येतं म्हणून, वहिनींना चादरी वाळतात म्हणून. इंजिनियरांना रविवारी दुपारी घटकाभर झोप हवी आहे, पण कार्ड काढलं आणि चित्र तसंच दिसलं, तर? म्हणून त्यांनी शेवटी रीतसर अर्ज केला आहे. तो सचिवांकडे विचाराधीन असून त्यावर सर्व शेजाऱ्यांची ना हरकत मागवण्यात आली आहे. अर्ज असा:

“मा. सचिव यांस, सविनय सादर. अर्जदाराच्या मातोश्रींच्या खोलीतील व्हिडिओ कार्ड एका रविवारी दुपारपुरतं बंद ठेवण्याची परवानगी मिळावी. सदर कालावधीत टीव्हीवरील चित्र पूर्वीइतकंच चांगलं दिसल्यास ते कोणत्याही सभासदाने पाहू नये. पाहिल्यास चांगलं म्हणू नये. आणि चांगलं म्हटल्यास ती गोष्ट अर्जदाराच्या थोरल्या मेव्हणीपर्यंत कायमस्वरूपी पोहोचू नये, याची सोसायटीने लेखी हमी द्यावी, ही नम्र विनंती.”